तिसरा स्क्रू

‘गिब्सन लेस पॉल, ओरिजिनल, मामांनी अमेरिकेहून आणलेली, फारशी वापरलेली नाही, अर्जंट विकणे, ३५ हजार.’ जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात या थाटाच्या जाहिराती नेहमीच्याच. मामांच्या जागी कधी दुबईचा चुलतभाऊ असतो, कधी परदेशी निघालेला मित्र. किंमत मात्र डोके चालवून लावलेली असते. शंका यावी इतकी ती कमी नसते आणि हात आखडावा इतकी जास्तही नसते. नवी अमेरिकन लेस पॉल स्टँडर्ड भारतात दोन लाखांच्या पुढे जाते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला ३५ हजारांत लॉटरी दिसते, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला फक्त हेडस्टॉकवरचे, म्हणजे मानेच्या टोकावरचे, चमकणारे नाव दिसते.

जालन्यात बसून ही जाहिरात चाळणाऱ्या विशीतल्या पोराची अडचण आणखी वेगळी. खरी गिब्सन त्याने बहुधा कधी हातात धरलेलीच नसते. महागड्या अमेरिकन गिटारी रांगेने टांगलेल्या आहेत, त्यातल्या दोन-चार उतरवून मांडीवर घेता येतात, असे दुकान बघायचे तर मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात फुर्टाडोजसारखी १८६५ पासूनची परंपरा सांगणारी पेढी आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईसाठी वंदे भारतही सुरू झाली. पण नुसती गिटार हाताळून बघायला चारशे किलोमीटर कोण जाणार? मग सौदा ठरतो तो फोनवरच्या चार फोटोंवर, आणि ते फोटो काढलेले असतात विकणाऱ्याने.

या वाद्याचे वेड इकडे आले ते सिनेमातून आणि गणपतीच्या मांडवातल्या ऑर्केस्ट्रातून. ‘हरे रामा हरे कृष्णा’ १९७१चा, ‘यादों की बारात’ १९७३चा. दोन्हींचे संगीत आर. डी. बर्मन यांचे आणि दोन्हींतल्या गाजलेल्या गाण्यांत गिटार वाजवली ती गायक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूपिंदर सिंग यांनी. मुंबईच्या स्टुडिओंत तेव्हा गोव्याच्या वादकांचा दबदबा होता. परदेशी वाद्य मिळवणे हीच त्या काळी मोठी कसरत होती, त्यामुळे ‘इम्पोर्टेड’ या शब्दाला वजन आले. ते वजन आजही उतरलेले नाही, आणि नकली माल विकणाऱ्याचा निम्मा धंदा त्या एका शब्दावर चालतो.

खरे तर खोटा माल ओळखण्याचे शास्त्र जालन्याला कुणी शिकवायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको कंपनी काढली, तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांच्या नावाने ओळखला जातो. बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. जिथे खरे बियाणे पिकते तिथे बोगस बियाण्याची भीतीही असते. म्हणून दर जूनमध्ये कृषी खाते तेच बजावते: पक्के बिल घ्या, लॉट नंबर आणि मुदत बघा, पिशवी फोडताना टॅग शाबूत ठेवा, मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. शहरातल्या रोलिंग मिलमधून निघणाऱ्या सळईवरही कंपनीचे नाव उमटलेले असते आणि गिऱ्हाईक ‘आयएस १७८६’ बघून घेते. हीच नजर घेऊन माणूस गिटारीकडे गेला, तर मात्र फसतो. बियाण्यात कागद हाच पुरावा, कारण पेरल्याशिवाय आतले कळत नाही. गिटारीत सगळा मामला उलटा: आतले पाच मिनिटांत दिसते, आणि नाव, नंबर, प्रमाणपत्र या गोष्टी नकली माल बनवणारा सगळ्यात आधी तयार करतो.

हा उद्योग किती मोठा आहे, याचा अंदाज डिसेंबर २०२४ मध्ये आला. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांत आशियातून आलेल्या तीन हजारांहून अधिक बनावट गिब्सन गिटारी पकडल्याचे अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने जाहीर केले. त्या खऱ्या असत्या तर त्यांची किंमत १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर गेली असती. चीनमध्ये बनणाऱ्या या नकलांना जगभरच्या वादकांनी ‘चिब्सन’ असे टोपणनाव देऊन टाकले आहे.

पण चिनी म्हणजे नकली, हा हिशेब करून चालत नाही. एपिफोन हा ब्रँड १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीचा आहे, आणि २००४ पासून कंपनीचा स्वतःचा कारखाना चीनमधल्या छिंगदाओ शहरात आहे. तिथली एपिफोन लेस पॉल शंभर टक्के खरी असते आणि अनेक बाबतींत उत्तम असते. तीच गोष्ट दुसऱ्या बड्या अमेरिकन कंपनीची, फेंडरची. स्क्वायर हे नाव फेंडरने १९६५ मध्ये विकत घेतले आणि १९८२ पासून स्वस्त गिटारींसाठी वापरायला सुरुवात केली. स्क्वायर चीनची असो की इंडोनेशियाची, ती अस्सलच. फसवणूक सुरू होते ती स्क्वायरवरचे नाव घासून त्या जागी फेंडरचे स्टिकर चढते तेव्हा.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. कोलकात्याची ‘गिवसन’ आणि ‘हॉबनर’ ही देशी नावे कित्येक मराठी घरांतल्या पहिल्या गिटारीवर दिसतात. ऐकायला ती कोणासारखी वाटतात हे उघड आहे. पण या गिटारी स्वतःच्याच नावाने, काही हजारांत विकल्या जातात, आणि तीन कॉर्ड शिकून ‘पापा कहते हैं’ बसवण्यापुरत्या पुरतात. त्यांना नकली म्हणणे अन्यायाचे होईल. नकलेचा इतिहास बड्या नावांनाही चुकलेला नाही. १९७७ मध्ये गिब्सनच्या त्या वेळच्या मालक कंपनीने जपानी आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर खटला भरला तो हेडस्टॉकच्या आकारावरून. त्या काळातल्या जपानी नकला आज ‘लॉसूट गिटार’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात. वादक त्या नकला आहेत हे जाणून, वर पैसे मोजून घेतात.

मिरजेच्या सतारीची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघावी. एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांचे काम सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली. दीड शतक त्यांच्या वाद्याची ओळख कारागिराच्या हातावर आणि घराण्याच्या नावावर चालली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा कुठे ‘मिरजेचा तंबोरा’ या शब्दांना कायद्याचे कुंपण पडले. गिब्सनचे नाव कंपनीचे, मिरजेचे नाव गावाचे, पण चोरी दोन्हीकडे नावाचीच होते.

आता पेचकस काढू. गिब्सनच्या मानेच्या वरच्या टोकाला, तारा जिथे हेडस्टॉकवर चढतात तिथे, घंटेच्या आकाराची छोटी प्लास्टिकची पट्टी असते. तिच्याखाली ट्रस रॉड असतो, म्हणजे तारांच्या ओढीने मान वाकू नये म्हणून आत बसवलेला लोखंडी गज. गिब्सन ही पट्टी दोन स्क्रूंवर बसवते, एक वर आणि एक खाली. नकली गिटारींवर बहुतेक वेळा तीन स्क्रू दिसतात. हा तिसरा स्क्रू फोटोतही दिसतो, म्हणून तो आधी मोजायचा. हेडस्टॉकवर एपिफोन लिहिले असेल तर तीन स्क्रूंनी घाबरू नये. त्यांच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांवर ते तसेच असतात. नकली माल बनवणारे शहाणे आता दोनच स्क्रू लावू लागले आहेत, म्हणून पट्टी उघडायचीच. खऱ्या गिब्सनमध्ये आत गजाच्या आट्यांवर बसवलेला पितळी षटकोनी नट दिसतो. तो फिरवायला नळीच्या तोंडाचा पान्हा लागतो. आत अ‍ॅलन कीचे भोक दिसले, तर पुढची बोलणी थांबवावीत. पट्टी बदलायला काही लागत नाही. गज बदलायचा तर कारखान्याचा साचाच बदलावा लागेल, आणि तो खर्च कोणी करत नाही.

नकली गिटारीचे सगळे मर्म इथेच आहे. रंग, नाव, मोत्याच्या चमकीची नक्षी यांवर पैसे खर्च होतात, कारण ते फोटोत येते. वाचवलेले पैसे शोधायचे तर जिथे गिऱ्हाईक डोकावत नाही तिथे डोकावावे.

मागची प्लास्टिकची झाकणे उघडा. आवाज कमी-जास्त करणाऱ्या नॉबच्या खाली जो गोल डबा असतो त्याला वादक ‘पॉट’ म्हणतात. अमेरिकन गिटारीत तो चांगला मोठा, बहुधा सीटीएस कंपनीचा असतो. नकलीत छोट्या खेळण्यातल्या रेडिओत शोभेल असा. जुन्या अमेरिकन गिटारीत तर हा पॉट जन्मतारीखच सांगतो. त्याच्यावरच्या आकड्यांत पहिले १३७ म्हणजे सीटीएस, नंतरचे अंक वर्ष आणि आठवडा: १३७६६३३ म्हणजे १९६६चा तेहतिसावा आठवडा. साठच्या दशकातली म्हणून विकली जाणारी गिटार ऐंशीच्या दशकातले पॉट घेऊन आली, तर विकणाऱ्याला कारण विचारावे. कारण असूही शकते. पॉट बिघडतात, बदलले जातात. मात्र आत तारांच्या गुंत्याऐवजी हिरवा सर्किट बोर्ड दिसला म्हणून गिटार नकली ठरवू नये. गिब्सनने स्वतःच कित्येक मॉडेलांत असे बोर्ड बसवले आहेत. अर्ध्या माहितीवर खरी गिटार नाकारणारेही बाजारात भेटतात, आणि त्यांचे नुकसानही कमी नसते.

लाकूड हा पुढचा साक्षीदार. लेस पॉलचे अंग महोगनीचे, त्यावर जाड मेपलची कोरीव फळी, हे या गिटारीचे मूळ तत्त्व. नकलीत मेपलच्या जागी पातळ पापुद्रा असतो, कधी कधी तर लाकडाच्या नक्षीचा छापील फोटो. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपच्या भोकाच्या काठावर जाडी दिसून येते. वजन हाही एक इशारा; लेस पॉल चार किलोच्या आसपास भरते. पण हलक्या खऱ्याही असतात आणि जड नकलाही, त्यामुळे वजनकाट्यावर निकाल द्यायचा नाही. मानेच्या मागे हेडस्टॉकपाशी तिरकी जोडरेषा दिसते का, ते उजेडात बघावे. गिब्सन मान एकाच लाकडातून कोरते, म्हणून हेडस्टॉक मागे कललेल्या जागी ती नाजूक असते. गिटार पडली की तिथेच मोडते. अशी मोडलेली आणि चिकटवलेली गिब्सन अस्सल असूनही भावात बरीच खाली येते, आणि जुन्या बाजारात ती लपवून विकणारेही असतात. त्यामुळे मागच्या बाजूचा, रंगाखालच्या बारीक भेगा दिसतील असा फोटो मागणे दोन्ही अर्थांनी उपयोगाचे.

फ्रेटबोर्डच्या, म्हणजे मानेवर बोटे जिथे दाबतात त्या पट्टीच्या, लाकडाशी तर आपले नातेच आहे. शिसव, म्हणजे इंडियन रोझवूड, जगभरच्या गिटारींना भारतातून जाते. २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले ते भारतातून आलेल्या शिसव आणि एबनीच्या पट्ट्यांच्या कागदपत्रांवरून; पुढच्या वर्षी कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरून तडजोड केली. २ जानेवारी २०१७ पासून शिसव वर्गातल्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले आणि कंपन्या पर्याय शोधू लागल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोवर एपिफोन आणि स्क्वायरच्या कित्येक मॉडेलांवर ‘इंडियन लॉरेल’ स्थिरावले होते. हे लॉरेल म्हणजे आपला ऐन, सह्याद्रीत जागोजागी उभा असलेला. फिकट, रेषारेषांचा फ्रेटबोर्ड बघून कोणी ‘हे रोझवूड नाही, म्हणजे गिटार खोटी’ म्हणू लागले, तर आधी मॉडेलचे वर्ष विचारावे.

आता नंबर. १९७७ पासून गिब्सनने आठ आकडी क्रमांक वापरला: पहिला आणि पाचवा अंक वर्षाचा, मधले तीन अंक वर्षातल्या दिवसाचे, शेवटचे त्या दिवशीच्या उत्पादनाचे. ७०१०८२७६ असेल तर १९७८चा दहावा दिवस, म्हणजे १० जानेवारी. २००५ मध्ये त्यात आणखी एक अंक आला, पुढे काही वर्षे पद्धतच बदलली, मग जुनी परतली. या रचनेत दिवसाच्या जागी ३६६ पेक्षा मोठी संख्या आली, तर असा दिवस पंचांगातही सापडणार नाही. खरा क्रमांक लाकडात दाबून उमटवलेला असतो आणि त्याखाली ‘मेड इन यूएसए’ असते. नकलीत तो अनेकदा नुसता छापलेला किंवा वरवर कोरलेला. पण नंबर जुळला म्हणून गिटार खरी होत नाही. खऱ्या गिटारीचा नंबर उचलायला इंटरनेटवर एक फोटो पुरतो, आणि एकच नंबर अनेक नकलांवर छापला जातो.

फेंडरची तपासणी वेगळी, कारण तिची मान चार स्क्रूंवर बसते आणि कुठल्याही अंगाला कुठलीही मान लावता येते. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकॅस्टर आली ती याच सोयीने, आणि सात दशके तिच्या सुट्या भागांचा बाजार फोफावला. त्यामुळे फेंडरच्या बाबतीत अख्खी नकली गिटार जेवढी भेटते, तेवढीच जुळवणीची भेटते: स्क्वायरचे अंग, कुठली तरी मान, वर पाण्याने चिकटणारे फेंडरचे डिकल. जुळवणी सांगून विकली, तर त्यात काही वावगे नाही. अंगाची जाडी मोजण्यासाठी सुताराची पट्टी पुरते. पूर्ण मापाची स्ट्रॅट पावणेदोन इंच, म्हणजे साधारण ४४-४५ मिलिमीटर भरते. स्क्वायर अ‍ॅफिनिटी तिच्याहून पातळ. विकणारा तयार असेल तर तारा सैल करून मान उतरवून बघावी, टाचेवर शिक्का किंवा तारीख असते. सीरियलच्या सुरुवातीची ‘यूएस’ आणि ‘एमएक्स’ ही अक्षरे अनुक्रमे कॅलिफोर्नियातल्या कोरोना आणि मेक्सिकोतल्या एन्सेनाडा इथल्या कारखान्यांची. एन्सेनाडाची गिटार ‘अमेरिकन’ म्हणून विकणे ही फसवणुकीतली सभ्य जात.

नकलेचा हात गिटारीपाशी थांबत नाही. कीर्तनापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे दिसणारा शुअर एसएम५८ माइक १९६६ पासून बनतो, आणि जगात सर्वाधिक नक्कल होणाऱ्या माइकांत तो मोडतो. खरा माइक केबलशिवाय २९८ ग्रॅम भरतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याचा फैसला बऱ्याचदा होऊन जातो. डॅडारिओ कंपनीच्या तारांचेही तेच. खऱ्या पाकिटात सहाही तारा एकाच सीलबंद पिशवीत येतात आणि त्यांच्या टोकांचे गोल मणी वेगवेगळ्या रंगांचे असतात, म्हणजे कुठली तार कितवी हे रंगावरून कळते. प्रत्येक तार वेगळ्या कागदी लिफाफ्यात निघाली, तर दुकानदाराकडे नीट बघावे.

जालन्याहून सौदा करताना त्यामुळे फोटोंची मागणी आपण ठरवावी: ट्रस रॉडची पट्टी काढून, मागची झाकणे उघडून, हेडस्टॉक मागून, आणि तारा गिटारीच्या अंगावर जिथे टेकतात तो ब्रिज जवळून. ब्रिज ज्या दोन खांबांवर टेकतो त्यांवर उंची बदलायला हाताने फिरणारी चकती हवी. त्याऐवजी पेचकसाची खाच असलेले जाड खांब दिसले, तर नकलीची शक्यता मोठी. खरा मालक असे फोटो काढायला कुरकुर करतो, पण काढतो. ‘भाऊ, विश्वास ठेवा ना’ म्हणत वेळ काढणारा दुसऱ्या जातीचा. आणि गिटार बघण्याआधीच ‘टोकन’ मागणारा, स्वतःला लष्करी जवान म्हणवून बदली झाल्याचे सांगणारा, पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारा भेटला, तर त्याच्याकडे गिटारच नसते. पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकी ते अडकवण्याची शक्यता जास्त.

गिटार हातात येऊन नंतर खोटी निघाली, तर वाट लांबची आहे. दुकानातून घेतलेली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. घरातली जुनी वस्तू विकणारा माणूस मात्र कायद्याने व्यापारी ठरत नाही, त्याच्याशी भांडायचे ते फसवणुकीच्या तक्रारीने. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८. तिथे मुख्य प्रश्न येतो की विकणाऱ्याने ती खरी म्हणून विकली होती का. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. म्हणून पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहून घ्यावी: मॉडेल, सीरियल नंबर, ‘ओरिजिनल आहे, नसल्यास पैसे परत’. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपावा, कारण सौदा झाला की जाहिरात गायब होते.

एक धोका फसलेल्या माणसाच्या स्वतःच्या हातून होतो. नुकसान भरून काढायला तो तीच गिटार तशाच शब्दांत पुढे विकतो. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०४ प्रमाणे खोटे नाव लावलेला माल विकणे हा गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये. माहीत नव्हते असा बचाव पहिल्या खरेदीत चालू शकतो, दुसऱ्या विक्रीत नाही. हेडस्टॉकवरचे नाव पॉलिश पेपरने घासून टाकावे, पॉट बदलावेत, फ्रेट नीट घासून घ्यावेत. हाती उरते ती बिननावाची गिटार, आणि सरावाला ती बऱ्यापैकी चालते.